बारावीचा इतिहास : गाईड निवडण्याआधी

दिवाळीची सुट्टी सरली की बारावी कलाच्या वर्गात गाईडाची चर्चा सुरू होते. गारगोटीच्या बाजारात मिळेल ते घ्यावे की एसटीने कोल्हापूर गाठून चार दुकाने पालथी घालावीत? जाडजूड संपूर्ण मार्गदर्शक घ्यावे की नुसता 'अपेक्षित' संच पुरेल? ताईचे दोन वर्षांपूर्वीचे चालेल का? इतिहास आणि राज्यशास्त्र घेतलेल्यांची यात एक खास अडचण असते. गणिताच्या गाईडात उत्तर चुकले तर ताळा करून पाहता येतो. इतिहासाच्या गाईडातले उत्तर ढिसाळ असले तरी वाचताना ते जाणवत नाही. उलट ते सोपे, गुळगुळीत लागते आणि त्यामुळेच पुस्तक चांगले वाटते. निवड फसते ती इथेच. माझे म्हणणे असे की, उजळणीचे पुस्तक त्यात किती तयार उत्तरे आहेत यावरून निवडू नये. ते तुम्हाला मिटून ठेवायला आणि वहीवर लिहायला किती भाग पाडते यावरून निवडावे. प्रकाशकाचे नाव, पाने, किंमत, दुकानदाराची शिफारस यांचा विचार त्यानंतर.

आधी परीक्षा काय मागते ते पाहू, कारण गाईडाची पारख तिच्यावरूनच करायची आहे. बारावीचे सध्याचे इतिहासाचे पाठ्यपुस्तक २०२०-२१ पासून लागू झाले. त्यात युरोपातील प्रबोधनापासून वसाहतवाद, मराठे, सामाजिक सुधारणा, स्वातंत्र्यलढा, संस्थानांचे विलीनीकरण, महायुद्धे, शीतयुद्ध असे करत अलीकडच्या भारतापर्यंत बारा प्रकरणे आहेत. लेखी परीक्षा ८० गुणांची, अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचे. पर्याय निवडणे, चुकीची जोडी ओळखणे, नाव लिहिणे हा भाग स्मरणाचा आहे आणि तो कोणतेही बरे गाईड करून घेते. पण त्यापुढे संकल्पनाचित्र येते, नकाशा येतो, 'सकारण स्पष्ट करा' येते, 'तुमचे मत नोंदवा' येते, टिपा येतात आणि दिलेल्या मुद्द्यांवरून सविस्तर उत्तर येते. हे प्रकार एकाच माहितीकडून वेगवेगळे काम करून घेतात. बहुतेक गाईडे मात्र सगळ्यांना एकाच साच्यात ओततात: पाठ्यपुस्तकातला परिच्छेद उचलायचा, त्याचे पाच-सहा तुकडे करायचे, प्रत्येकाला क्रमांक द्यायचा आणि वर प्रश्न छापायचा. कारण विचारले असो वा मत, उत्तराची ठेवण तीच.

वाचून समजले की पाठ झाले, हा आपला जुना समज. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या समजाला चांगलाच धक्का देतो. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्यांनी छोटे उतारे दिले. एका गटाने उतारा चार फेऱ्यांत पुन्हापुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच फेरीत वाचला आणि उरलेल्या तीन फेऱ्यांत उतारा न पाहता आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र पालटले: वाचणाऱ्यांना साधारण ४० टक्के आठवले, लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के. गंमत म्हणजे, आपल्याला जास्त लक्षात राहील असा विश्वास वाचणाऱ्यांनाच अधिक होता. पुढे २०१३ मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींबद्दलचे संशोधन एकत्र तपासले, तेव्हा पुन्हापुन्हा वाचणे आणि ओळी रंगवणे या दोन्ही गोष्टी कमी उपयोगाच्या ठरल्या; स्वतःची चाचणी घेणे आणि अंतर ठेवून उजळणी करणे या सर्वांत उपयोगी. आता हायलायटरने पिवळीधमक केलेली गाईडे आठवा. विद्यार्थी आळशी असतात असे नाही. ज्या पुस्तकात उत्तर प्रश्नाला चिकटून छापलेले असते, ते हाताला रंगवण्याखेरीज दुसरे काम ठेवतच नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. 'वसाहतवाद आणि मराठे' या चौथ्या प्रकरणात शोभेल असा प्रश्न घ्या: शिवाजी महाराजांनी आरमार उभारले, सकारण स्पष्ट करा. सुमार गाईडात याचे उत्तर काहीसे असे असते: महाराजांनी आरमाराचे महत्त्व ओळखले, त्यांच्या आरमारात गुराबा, गलबते, तरांडी अशी जहाजे होती, त्यांनी सिंधुदुर्गासारखे जलदुर्ग बांधले, म्हणून त्यांना आरमाराचे जनक म्हणतात. एकही वाक्य खोटे नाही, तरीही उत्तर चुकले आहे. आरमारात काय होते ते सांगितले, ते का उभारले ते सांगितलेच नाही. कारणे शोधायची तर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर स्वराज्य समुद्राला भिडले इथून सुरुवात करावी लागते. समुद्रावर सत्ता दुसऱ्यांची होती. पोर्तुगीज आपल्या 'कार्ताझ' नावाच्या परवान्याशिवाय व्यापारी जहाजांना मोकळेपणाने फिरू देत नव्हते, जंजिऱ्याचा सिद्दी किनाऱ्यावरच्या मुलखाला उपद्रव देत होता आणि इंग्रजांच्या कंपनीचीही जहाजे या किनाऱ्यावर होती. किनारा राखायचा आणि बंदरांतला व्यापार चालवायचा तर स्वतःची जहाजे हवीतच. जहाजांचे प्रकार आणि सिंधुदुर्ग या उत्तरात शेवटी, एका ओळीत येतील. चांगले गाईड ही कारणांची साखळी दाखवते. त्याहून चांगले गाईड नुसते तीन-चार सूचक शब्द देते, कल्याण, कार्ताझ, सिद्दी, व्यापार, आणि उत्तर तुमच्यावर सोपवते. असे पुस्तक दुकानात उघडले तर अपुरे वाटते. पण पाठीमागे नमुना उत्तर दिलेले असेल तर ते बिनधास्त घ्यावे.

दुकानात उभे राहून दहा मिनिटांत करण्याजोगी परीक्षा आहे. तुम्हाला जे प्रकरण उत्तम येते तेच उघडा. न येणाऱ्या प्रकरणावरून पुस्तक जोखता येत नाही, तिथे सगळेच पटते. सामाजिक सुधारणांचे प्रकरण कोल्हापूरच्या मुलांना त्यातल्या त्यात जवळचे. शाहू महाराजांचा आरक्षणाचा आदेश २६ जुलै १९०२ चा आणि तो रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्क्यांविषयी होता. गाईडात नुसते '५० टक्के आरक्षण दिले' असेल तर तेवढ्यावरून ते टाकू नका, पण लेखकाने मूळ मजकूर किती बारकाईने पाहिला ते कळते. सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३, हैदराबादची पोलीस कारवाई १३ ते १७ सप्टेंबर १९४८, गोवामुक्ती १९ डिसेंबर १९६१ या तारखा ताडून पाहा. यात दोन चुका निघाल्या तर पुस्तक खाली ठेवा. तारखा फार महत्त्वाच्या असतात म्हणून नव्हे. ज्या संपादकाला तारीख तपासायला वेळ मिळाला नाही त्याला 'सकारण'मधले कारण तपासायला मिळाला असेल, यावर विश्वास ठेवणे अवघड आहे. मग एक 'तुमचे मत नोंदवा' प्रश्न काढा. उत्तरात कुठे 'मात्र', 'तरीही', 'दुसऱ्या बाजूने' असे वळण आहे का? नसेल तर ते मत नाही, टीप आहे. शेवटी नकाशाची पाने उलटा. नकाशे इतके फिके छापलेले असतील की गोवा आणि रत्नागिरी एकमेकांत मिसळतात, तर त्या पानांचे पैसे वाया.

जुन्या पुस्तकांबद्दल थोडे सावध असावे. २०२० पूर्वीचे बारावी इतिहासाचे गाईड कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये; तो अभ्यासक्रमच वेगळा होता. त्यानंतरच्या पुस्तकांतही एक बारीक खाच आहे. करोनामुळे २०२१ ची बारावीची परीक्षा झालीच नाही आणि २०२२ ची ७५ टक्के अभ्यासक्रमावर झाली. त्या काळात निघालेल्या संचांत काही भाग गाळलेले असतात. मागच्या प्रश्नपत्रिका सोडवताना २०२२ ची प्रश्नपत्रिका पूर्ण अभ्यासक्रमाची समजून बसलात तर गाळलेल्या भागावर प्रश्नच येत नाहीत असा भलताच निष्कर्ष निघेल. ताईचे गाईड हातात घेतल्यावर आधी चालू पाठ्यपुस्तकाच्या अनुक्रमणिकेशी ते ओळीने ताडून पाहा.

आता 'अपेक्षित'चा मुद्दा. या संचांच्या बाजूने नेहमी सांगितले जाते की त्यातलेच प्रश्न येतात. येतात, आणि ते यायलाच हवेत. बारा प्रकरणांच्या पुस्तकावर विचारता येण्याजोग्या प्रश्नांना मर्यादा असते. एका संचात अनेक प्रश्नपत्रिका भरल्या की त्यातले बरेच काही खऱ्या प्रश्नपत्रिकेशी जुळणारच. जुळले किती हा हिशेब अर्धवट आहे. संचात असलेले पण न आलेले प्रश्न किती, आणि आलेले पण संचात नसलेले किती, हेही मोजावे लागेल, आणि ते कुणी मोजत नाही. मात्र 'अपेक्षित' संच निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. उलट माझ्या निकषावर तो कित्येक संपूर्ण गाईडांपेक्षा वरचढ ठरतो, कारण त्याचा गाभा प्रश्नांचा असतो. बिघडते ते वापरण्याच्या रीतीत. तीन तास घड्याळ लावून एक प्रश्नपत्रिका पुरी सोडवायची, मग पाठ्यपुस्तक उघडून लाल पेनाने स्वतःच तपासायची, या कामासाठी संच घ्या. फेब्रुवारीत कोणता धडा सोडून द्यायचा ते ठरवण्यासाठी घेतलात, तर तो महाग पडतो.

यापेक्षा वजनदार आक्षेप वेगळा आहे आणि तो भुदरगड तालुक्यासारख्या भागातून आला तर ऐकलाच पाहिजे. पाठ्यपुस्तकाची भाषा जड आहे. निर्वसाहतीकरण, साम्राज्यवाद, अलिप्ततावाद असे शब्द घरात कुणाच्या तोंडी नसतात. पाटगाव किंवा कडगावकडून सकाळची एसटी धरून कॉलेजला येणाऱ्या, संध्याकाळी घरी जाऊन जनावरांचे पाहणाऱ्या मुलीला शिकवणी लावणे परवडत नाही आणि जमतही नाही. तिच्यासाठी गाईड हाच घरातला मास्तर. तिला 'गाईड बाजूला ठेव, पाठ्यपुस्तक वाच' असे सांगणे म्हणजे शहाजोगपणा झाला. हे मला पूर्ण मान्य आहे. पण मग तिने गाईड निवडावे ते समजावून सांगणारे. प्रकरणाच्या सुरुवातीला कठीण शब्दांचे सोप्या मराठीत अर्थ, घटनांचा क्रम एका पानात, कोण कुठला त्याची ओळख, आणि मग प्रश्न. अशी पुस्तके कमी असतात, पण असतात. तपासायची युक्ती सोपी: 'अलिप्ततावाद' हा शब्द काढा. गाईडाने पाठ्यपुस्तकातलेच वाक्य पुन्हा छापले असेल तर मास्तरने पुस्तक वाचून दाखवले, शिकवले काही नाही. शीतयुद्धात अमेरिका आणि सोव्हिएत रशिया या दोन्ही गटांत न जाता भारताने प्रत्येक प्रश्नावर आपला निर्णय आपणच घ्यायचे ठरवले, अशा ओळीपर्यंत ते आणून सोडत असेल तर ते कामाचे. आणि तिच्याकडे वेळ खरोखरच कमी असल्यामुळे, एसटीत पुस्तक मिटून कालचे चार मुद्दे मनात आठवणे तिलाच सगळ्यांत स्वस्त पडते.

दुसरा आक्षेप गुणांचा. पेपर तपासणारे मुद्दे मोजतात, नमुना उत्तराशी जुळवतात. तेव्हा गाईडातली वाक्ये जशीच्या तशी उतरवली तर गुण पक्के, असे म्हणतात. यात तथ्य अर्धे आहे. मुद्दे मोजले जातात हे खरे, म्हणून उत्तरात मुद्दे सुटे आणि ठळक असलेच पाहिजेत. पण मुद्दा पाठ्यपुस्तकातला असतो, गाईडाचा नसतो. तो तुमच्या वाक्यात आला तरी मोजलाच जातो. पाठ केलेल्या वाक्यांचा धोका असा की मधला एक शब्द विसरला की पुढचे सगळे अडते, आणि प्रश्न जरा फिरवून विचारला की लिहिलेले उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे निघते. अमेरिकेत शाळेतच महाविद्यालयीन पातळीची परीक्षा देण्याची 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट' नावाची सोय आहे. तिथेही उजळणीच्या पुस्तकांचा मोठा बाजार आहे. पण अमेरिकन इतिहासाच्या त्या परीक्षेत एक प्रश्न असा असतो की मूळ कागदपत्रांचे उतारे पुढे ठेवून त्यांवरून युक्तिवाद करायचा. एकूण गुणांतला चौथा हिस्सा त्या एका प्रश्नाला. पाठांतर तिथे हात टेकते. आपल्या मंडळाचा 'मत नोंदवा' एवढा कडक नाही, पण रोख त्याच दिशेचा आहे.

राज्यशास्त्राबद्दल थोडक्यात, कारण निकष तोच. फरक एवढाच की हा विषय छापल्या दिवसापासून शिळा होऊ लागतो. पुस्तक १९९१ नंतरच्या जगापासून सुरू होते, आणि ते जग थांबलेले नाही. जानेवारी २०२० मध्ये ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले, २०२३ मध्ये लोकसभा व विधानसभांत महिलांना एक तृतीयांश जागा राखणारी १०६वी घटनादुरुस्ती झाली, त्याच वर्षी नवी दिल्लीच्या परिषदेत आफ्रिकी संघ जी-२० चा सदस्य झाला. या नोंदी ज्या आवृत्तीत आहेत ती खरोखर सुधारलेली. नुसते मुखपृष्ठावर 'नवी सुधारित आवृत्ती' छापणे सोपे असते. मात्र उत्तराचा सांगाडा पाठ्यपुस्तकाचाच ठेवावा आणि ताजी घटना एका वाक्यात जोडावी.

पैशाचे म्हणाल तर एका विषयाला एकच गाईड पुरे, आणि दोघी मैत्रिणींत मिळून एक गाईड व एक प्रश्नसंच घेतला तर आणखी बरे. एकीने विचारायचे, दुसरीने पुस्तक न पाहता सांगायचे. बाकी बरेच काही फुकट आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात मिळतात. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये बारावीच्या प्रश्नपेढ्या खुल्या केल्या. त्यांचा अभ्यासक्रम कमी केलेला होता एवढे ध्यानात ठेवून त्या वापरता येतात. एखादी तारीख किंवा नाव खटकले तर मराठी विश्वकोश इंटरनेटवर मोफत आहे. गारगोटीकरांना या सगळ्याशी एक जवळचे नातेही सांगता येईल. मौनी विद्यापीठ उभारणारे जे. पी. नाईक पुढे १९६४ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. पाठ्यपुस्तकांचा दर्जा आणि परीक्षांची सुधारणा हे दोन्ही त्या आयोगाच्या आस्थेचे विषय. अहवाल १९६६ मध्ये आला आणि बालभारती २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झाली. ज्यांच्या गावी हे काम करणारा माणूस राबला, त्यांच्या दप्तरात पाठ्यपुस्तक कोरे आणि गाईड मात्र चुरगळलेले असावे, हे काही बरे दिसत नाही.

राहिले अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण. यासाठी तयार प्रकल्पवह्या बाजारात मिळतात आणि त्या बिलकुल घेऊ नयेत. तोंडीला पहिल्याच प्रश्नात पितळ उघडे पडते. विषय शोधायला गारगोटीच्या मुलांनी फार लांब जायला नको. १८५७ पूर्वीच्या उठावांच्या यादीत अनेकदा 'कोल्हापूरचे गडकरी' एवढेच दोन शब्द असतात. त्या १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडात सामानगडाबरोबर भुदरगडही होता आणि तो गड तालुक्यातच उभा आहे. १९४२ च्या प्रकरणात गाईडे साताऱ्याच्या प्रतिसरकारावर थांबतात; पण १३ डिसेंबर १९४२ ला गारगोटीच्याच कचेरीवर क्रांतिकारकांनी हल्ला केला आणि त्यात सात जण हुतात्मा झाले. हा प्रकल्प घेतलात तर एक प्रश्न आपोआप उभा राहतो. गारगोटी तेव्हा ब्रिटिश मुलखात नव्हती, कोल्हापूर संस्थानात होती. मग 'चले जाव' म्हणणाऱ्यांनी संस्थानच्या कचेरीवर चाल का केली? याचे उत्तर शोधताना संस्थान आणि इंग्रज सत्ता यांचे नाते पाहावे लागेल, प्रजापरिषदेची चळवळ पाहावी लागेल आणि १ मार्च १९४९ ला कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंतचा धागा धरावा लागेल, म्हणजे स्वातंत्र्यलढ्याचे सहावे प्रकरण आणि विलीनीकरणाचे सातवे प्रकरण एकत्र वाचावे लागतील. कचेरीवरच्या हल्ल्याच्या त्या दिवसाबद्दल गावात ज्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे त्यांच्याशी बोला, ऐकलेले आणि छापलेले वेगळ्या रकान्यांत लिहा, आणि दोन्हींत जिथे मेळ बसत नाही ती ओळ पुसू नका. तोंडीला बाई किंवा सर बहुधा तिथेच बोट ठेवतील.